सोन्याचा चटका

डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण, एक लेझर आणि कॅन्सरची गाठ. पुण्याच्या आणि पवईच्या लॅबमधली ही गोष्ट जामनेरच्या एका ओट्यावर पोचली, तेव्हा प्रश्न एकच होता : ऑपरेशनची तारीख पुढे ढकलायची का?

जळगावच्या माणसाला सोन्याबद्दल काही शिकवायला जाऊ नये. लग्न ठरलं की लांबलांबून लोक खरेदीला इथल्या सराफ बाजारात येतात. शहराला ‘सुवर्णनगरी’ म्हणतात ते काही उगाच नाही. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेला, परवडो न परवडो, गुंजभर सोनं घेतलंच जातं. कॅरट, घट, घडणावळ हे शब्द इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात.

पण हेच सोनं लाल असतं, असं कुणी सांगितलं तर? कधी जांभळं, कधी निळसरसुद्धा? आणि हे लाल-निळं सोनं शरीरात सोडून त्यावर उजेड टाकला की ते तापतं आणि कॅन्सरची पेशी मारतं, असं म्हटलं तर?

‘फेकू नकोस,’ असंच म्हणाल ना? बरोबर आहे. रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर हळद, लिंबूपाणी आणि कारल्याच्या रसाने कॅन्सर पळवणाऱ्यांची काही कमी नाही, त्यामुळे शंका घेणं हेल्दीच. तरी सांगते, लाल सोनं खरं आहे. उजेडाने तापणारं सोनंही खरं आहे. त्यातलं काही महत्त्वाचं काम तर आपल्याच राज्यात, पुण्यात आणि मुंबईत झालंय. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे, आणि तो मला जामनेरमध्ये विचारला गेला.

ओट्यावरचा प्रश्न

जामनेर हे माझं आजोळ. जळगावहून नेरीमार्गे एसटीने जायचं. पूर्वी पाचोऱ्याहून ‘पीजे’ यायची, ५६ किलोमीटरची नॅरोगेज गाडी. २०२० साली ती थांबली आणि सुट्टीची निम्मी मजा गेली. पण आखाजीला मामाकडे जाणं काही थांबलेलं नाही.

या खेपेला घरात आखाजी नव्हतीच. मामाच्या गालाच्या आतल्या बाजूला कित्येक महिने न भरणारी जखम होती. तीस वर्षं तंबाखू मळून खाल्लेली. बायोप्सी झाली, रिपोर्ट आला, कॅन्सर. मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. गालाचा भाग, जबड्याच्या हाडाचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढायच्या, मग गरजेप्रमाणे रेडिएशन. तारीखही मिळाली होती, तीन आठवड्यांनंतरची.

आणि नेमका तेव्हाच कुणीतरी मामाच्या मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. निळ्या पडद्यावर सोनेरी गोळ्या तरंगतात, लाल किरण येतो, गाठ विरघळते. खाली ओळ : ‘ना चिरफाड, ना केमो.’

‘‘हे खरं आहे का वं?’’ मामाने विचारलं. ‘‘सोन्यानं होऊ राहिलं, तर मी जबडा कशाला कापू देऊ? दोन-चार महिने थांबतो ना मग.’’

मामी काही बोलली नाही. पुरणाचं पातेलं उचलून आत गेली. घरात लिहिण्या-वाचण्याच्या धंद्यातली मी एकटीच, म्हणून उत्तराची जबाबदारी माझ्यावर. मी म्हटलं, ‘‘मला दोन दिवस दे. तोवर तारखेला हात लावू नकोस.’’ त्या दोन दिवसांत आणि नंतर जे वाचलं, ते असं.

लाल सोन्याचा फंडा

नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. आपला केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. आता एक ग्रॅम सोनं घ्या, म्हणजे बाजारातल्या तोळ्याचा दहावा भाग, आणि त्याचे शंभर-शंभर नॅनोमीटरचे गोल मणी करा. किती होतील? एक कोटी गुणिले एक कोटी. इतक्या मण्यांचं मंगळसूत्र ओवायला बसलात, तर सात जन्मही पुरणार नाहीत.

इतकं बारीक झालं की सोनं सोन्यासारखं वागत नाही. मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५७ साली सोन्याचे असे कण पाण्यात तयार केले, तर पाणी माणकासारखं लाल झालं. रंग बदलण्याचं कारण कणांचा बारीकपणा असावा, हे त्याने तेव्हाच ओळखलं होतं. त्याच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्या आहेत.

असं का होतं? त्यासाठी खान्देशातला आखाजीचा झोका आठवा. माहेरवाशिणी झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसतात आणि मागून कुणीतरी ढकलतं. चुकीच्या वेळी ढकललं तर झोका अडखळतो. नेमक्या वेळी, त्याच्या लयीत ढकललं, तर थोड्या जोरातही तो उंच जातो. सोन्याच्या कणातले इलेक्ट्रॉन हा झोका, आणि उजेडाची लाट म्हणजे ढकलणारा हात. उजेडाची लय इलेक्ट्रॉनच्या लयीशी जुळली की सगळे इलेक्ट्रॉन एकदम झुलू लागतात आणि तो कण त्या रंगाचा उजेड गटागट पिऊन टाकतो. सोन्याचा वीसेक नॅनोमीटरचा गोल कण हिरवा उजेड पितो, म्हणून आपल्याला उरलेला लाल दिसतो.

आणि प्यायलेल्या उजेडाचं होतं काय? उष्णता. झुलणारे इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा कणाला देतात, कण आजूबाजूच्या पाण्याला देतो. सगळं डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी. म्हणजे हा प्रत्येक कण ही एक इवलीशी शेगडी, जिचं बटण उजेडाने दाबायचं.

शरीराची खिडकी

आता अडचण अशी की शरीरात हिरवा उजेड फार आत जात नाही. रक्त त्याला वाटेतच अडवतं. मोबाइलचा टॉर्च तळहाताखाली धरून बघा, पंजा लालभडक दिसतो. पांढऱ्या उजेडातला लाल भाग तेवढा आरपार येतो, बाकीचे रंग आतच संपतात. लालच्याही थोडं पुढे, डोळ्यांना न दिसणारा ‘निअर इन्फ्रारेड’ उजेड असतो. टीव्हीचा रिमोट वापरतो तोच. साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटर लांबीच्या या लाटांना रक्तही फार अडवत नाही आणि पाणीही नाही. डॉक्टर मंडळी या पट्ट्याला शरीराची खिडकी म्हणतात.

मग हुशारी कशात? तर सोन्याला या खिडकीतला उजेड प्यायला शिकवण्यात. त्यासाठी सोनं बदलायची गरज नाही, आकार बदलायचा. गोल कणाऐवजी सळई, त्रिकोण किंवा आतून पोकळ कवच केलं की झोक्याची लय बदलते आणि कण इन्फ्रारेड पिऊ लागतो. थोडक्यात, सगळी गंमत घडणावळीत आहे. जळगावच्या सोनाराला हे वाक्य मनापासून पटेल.

गवती चहा आणि सोनं

ही घडणावळ कशी करायची, यावर पुण्याच्या नॅशनल केमिकल लॅबोरेटरीने, म्हणजे एनसीएलने, २००४ साली एक भन्नाट उत्तर दिलं. पाषाण रोडवरच्या या संस्थेत मुरली शास्त्री यांच्या टीमने सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात चक्क गवती चहाचा अर्क घातला. होय, आपण सर्दी झाल्यावर चहात टाकतो तोच. भट्टी नाही, विषारी केमिकल नाही. द्रावणात सोन्याचे चपटे, सपाट त्रिकोण तयार झाले आणि ते इन्फ्रारेड उजेड जोरात शोषत होते. ‘नेचर मटेरियल्स’ या बड्या नियतकालिकात हा शोध छापून आला. पुढच्याच वर्षी त्याच लॅबमधून चिंचेच्या पाल्याच्या अर्काने केलेले सोन्याचे त्रिकोणही आले.

इथे एक खुलासा लगेच करते, नाहीतर जामनेरपासून जेएम रोडपर्यंत सगळे गवती चहा उकळायला घेतील. चहाच्या पातीने फक्त कण घडवले. ती पिऊन कॅन्सरला काही होत नाही. तसंच सुवर्णभस्माचं. ‘सोनं शरीराला चांगलंच,’ असं म्हणत कुणी भस्माची पुडी हातात ठेवेल, पण या उपचाराचा सगळा डोलारा कणाच्या ठरावीक आकारावर, तो गाठीत पोचण्यावर आणि त्यावर मोजूनमापून पडणाऱ्या लेझरवर उभा आहे. पुडीत यातलं काही येत नाही.

भरीत आतून भाजायचं

उष्णतेने गाठ मारायची कल्पना नवी नाही. पेशीचं तापमान ४२ ते ४५ अंशांवर टिकवून ठेवलं की ती तग धरायला झगडू लागते. पन्नाशी ओलांडली की काही मिनिटांत मरते. साठच्या आसपास तर तिच्यातली प्रथिनं उकडलेल्या अंड्यासारखी गोठून जातात. (मे महिन्यात जळगावचा पारा ४५ ला टेकतो, तेव्हा आपण मरत नाही, कारण घाम गाळून शरीर आतलं तापमान ३७ वर राखतं. हा हवेचा पारा आणि तो पेशीचा, गल्लत नको.)

खरी अडचण उष्णता नेमकी हवी तिथेच देण्याची आहे. वांग्याचं भरीत करायचं तर आपण कपाशीच्या काड्यांवर वांगं भाजतो. आतला गर शिजेपर्यंत साल जळून काळी होते. वांग्याची साल आपण सोलून टाकतो, माणसाची कशी टाकणार? बाहेरून दिलेली उष्णता आधी निरोगी कातडीला पोळते.

नॅनोकणांमुळे हा क्रम उलटा करता येतो. कण आधी गाठीत पोचवायचे, मग बाहेरून सौम्य इन्फ्रारेड उजेड सोडायचा. वाटेतल्या निरोगी पेशींमधून तो फारसा त्रास न देता जातो आणि जिथे सोनं आहे तिथेच भट्टी पेटते. साल शाबूत, गर शिजलेला.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नाओमी हलास आणि जेनिफर वेस्ट यांनी २००३ साली हे पहिल्यांदा नीट करून दाखवलं. वाळूत असते त्या सिलिकाचा गोळा, त्यावर सोन्याचा पातळ वर्ख, असे त्यांचे कण होते. मिठाईवरच्या वर्खाची नॅनो आवृत्तीच म्हणा! हे कण आणि लेझर वापरून त्यांनी आधी काचेच्या भांड्यातल्या स्तनांच्या कॅन्सरच्या पेशी मारल्या, मग उंदरांच्या गाठी तापवून दाखवल्या. २००६ साली जॉर्जिया टेकच्या मुस्तफा अल-सईद यांच्या टीमने सळईच्या आकाराचे कण वापरून पेशींवर हेच साधलं.

पवई ते खारघर

मामाला सांगायला मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट मात्र आपल्या मुंबईची.

सोन्याच्या कणांवर एक रास्त आक्षेप होता. गाठ जाळून झाली, पण कणांचं काय? सोनं गंजत नाही, विरघळत नाही, म्हणूनच तर आपण ते पिढ्यान् पिढ्या तिजोरीत ठेवतो. तेच शरीरात, यकृतात वर्षानुवर्षं साचून राहिलं तर? मोठा कण मूत्रपिंडाच्या गाळणीतून बाहेर पडत नाही. आणि कण छोटा करावा, तर त्याला इन्फ्रारेड पिता येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

आयआयटी मुंबईच्या बायोसायन्सेस अँड बायोइंजिनीअरिंग विभागात रोहित श्रीवास्तव आणि अरविंद रेंगन यांनी यावर एक छान तोडगा काढला. सिलिकाच्या गोळ्याऐवजी त्यांनी लायपोसोम घेतला. लायपोसोम म्हणजे स्निग्ध पदार्थाचा सूक्ष्म फुगा. त्यावर सोन्याचे अगदी चिमुकले कण चिकटवले. सगळे मिळून एका मोठ्या कणासारखे वागतात आणि इन्फ्रारेड पितात. काम झालं की फुगा शरीरात विरघळतो आणि चिमुकले कण सुटे होऊन बाहेर पडायला मोकळे.

प्राण्यांवरचे प्रयोग खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन केंद्रात, अभिजित डे यांच्या टीमबरोबर झाले. उंदरांमध्ये वाढवलेल्या गाठींवर ७५० नॅनोमीटरचा लेझर सोडला, तर गाठी पूर्ण नाहीशा झाल्या आणि उंदीर रोगाशिवाय जास्त जगले. कण यकृताच्या पेशींमध्ये तुटले आणि पित्तावाटे व मूत्रपिंडावाटे बाहेर पडत गेले. २०१५ साली ‘नॅनो लेटर्स’मध्ये हे सगळं प्रसिद्ध झालं.

लायपोसोम हा काही हवेतला प्रकार नाही, बरं का. त्यात भरलेलं डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध अमेरिकेत १९९५ पासून मान्यताप्राप्त आहे आणि भारतातही वापरलं जातं. म्हणजे ‘नॅनो’ हॉस्पिटलात कधीच आलंय. सोनं आणि उजेड मात्र अजून दाराबाहेर आहेत.

उंदीर केवढा, मामा केवढा

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर बसून मी हे सगळं मामाला सांगितलं. झोका, भरीत, पवई, सगळं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘म्हणजे खरं आहे.’’

‘‘खरं आहे. पण उंदरात.’’

‘‘उंदीर वाचला, मग माणूस का नाही वाचणार?’’

हा प्रश्न साधा नाही. जगभरच्या लॅब गेली वीसेक वर्षं त्याच्याशीच झटापट करताहेत. उत्तरं तीन-चार आहेत.

पहिलं, आकार. प्रयोगातला उंदीर वीस-पंचवीस ग्रॅमचा. त्याची गाठ मुद्दाम कातडीच्या खाली वाढवलेली असते. उजेडाला जायचंय काही मिलिमीटर. माणसाच्या शरीरात इन्फ्रारेडसुद्धा एखाद-दोन सेंटिमीटरनंतर दमतो. यकृतात किंवा फुप्फुसात खोलवर गाठ असेल, तर लेझरची बारीक तार थेट आत घालावी लागते.

दुसरं, पोचणं. गाठीच्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, गळक्या असतात, त्यामुळे नॅनोकण त्यातून झिरपून गाठीत जमतात, असं १९८६ साली हिरोशी माएदा आणि यासुहिरो मात्सुमुरा या जपानी संशोधकांनी दाखवलं होतं. त्यावर सगळी भिस्त. पण २०१६ साली टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या टीमने आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं प्रमाण मध्यम आकड्याने किती? ०.७ टक्के. शंभरातला एकही धड नाही! बाकीचे मुख्यतः यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात.

तिसरं, पसरणं. उजेड जिथे पडतो तिथलीच गाठ मरते. कॅन्सर रक्तातून किंवा लसीकेतून दुसरीकडे गेला असेल, तर लेझर त्याच्या मागे कुठे कुठे धावणार? तोंडाच्या कॅन्सरचंच बघा. गालातल्या गाठीपर्यंत उजेड नेणं त्यातल्या त्यात सोपं, म्हणून संशोधकांना तोंडाचा कॅन्सर आशादायक वाटतो. पण मामाच्या डॉक्टरांना मानेतल्या गाठीही काढायच्या होत्या, आणि त्यांना उगाच हौस नव्हती. पुढे पसरण्याची वाट तिथूनच जाते.

चौथं, वेळ. लॅबमध्ये एका बाटलीत चांगले झालेले कण हजार बाटल्यांमध्ये तंतोतंत तसेच व्हायला हवेत. मग विषारीपणाच्या तपासण्या, मग माणसांवरच्या चाचण्यांचे टप्पे, मग सरकारी मान्यता. प्रत्येक पायरीला वर्षं लागतात, आणि बरीच औषधं मध्येच गळतात.

‘‘मग माणसावर केलंच नाही का कुणी?’’ हे मामीने विचारलं. ती केव्हा दारात येऊन उभी राहिली, कळलंही नव्हतं.

केलंय ना. हलास-वेस्ट यांच्या वर्खवाल्या कणांवरच न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलात एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ साली आले. प्रोस्टेटचा, ग्रंथीच्या बाहेर न गेलेला कॅन्सर असलेले १६ पुरुष. आधी सलाइनमधून कण, मग दुसऱ्या दिवशी प्रोस्टेटमध्ये लेझरची तार. १६ पैकी १५ जणांवर उपचार यशस्वीपणे पार पडला आणि लघवीच्या किंवा लैंगिक तक्रारी फारशा वाढल्या नाहीत. छान बातमी आहे. पण माणसं सोळा, कॅन्सर वेगळा, आणि सुरुवातीच्या टप्प्यातला. तिथून तंबाखूने झालेल्या गालाच्या कॅन्सरपर्यंत सरळ रस्ता नाही.

उजेडाची एक चुलत बहीण मात्र हॉस्पिटलात पोचली आहे. जपानने २०२० साली डोक्या-मानेच्या, ऑपरेशन न करता येणाऱ्या किंवा उलटून आलेल्या कॅन्सरसाठी ‘फोटोइम्युनोथेरपी’ला सशर्त मान्यता दिली. कॅन्सरच्या पेशीला चिकटणारी अँटीबॉडी, तिला जोडलेला रंग आणि त्यावर लाल लेझर. यात सोनं नाही, मुद्दाम तापवणंही नाही. पण उजेडाने कॅन्सरवर नेम धरता येतो, हे सरकारदरबारी मान्य झालं. तेही कुणासाठी? ज्यांच्यासाठी ऑपरेशनची वाट बंद झाली आहे, त्यांच्यासाठी. मामाची वाट अजून उघडी होती.

हे वाक्य मी जसंच्या तसं त्याला म्हणाले. ‘‘मामा, तुला ऑपरेशन सांगितलंय याचा अर्थ तुझी गाठ अजून काढता येण्यासारखी आहे. चार महिने थांबलास आणि ती काढता न येण्यासारखी झाली, तर सोनंही तुझ्या कामाचं नाही आणि चाकूही.’’

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग मामीला म्हणाला, ‘‘मुंबईच्या गाडीचं तिकीट कोणाकडे आहे? बॅगेत ठेव.’’

ऑपरेशन ठरलेल्या तारखेला झालं. खर्चाचा मोठा भाग महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून निघाला. मांडीची कातडी घेऊन गाल शिवला. रेडिएशनचे आठवडे वाईट गेले. तोंड कोरडं, चव गेलेली, महिनाभर पेज आणि पातळ वरण. आता तो बोलतो, थोडं बोबडं. फोनवर मला पहिल्यांदा सगळं कळलं नाही, तेव्हा वैतागून म्हणाला, ‘‘पुण्यात राहून बहिरी झाली का वं?’’ त्याचा फॉलोअप सुरू आहे. ‘बरा झाला’ असं डॉक्टर इतक्यात म्हणत नाहीत, आम्हीही म्हणत नाही.

जामनेरच्या ओट्यावरचा तो व्हिडिओ खोटा नव्हता, हे मला सगळ्यात धोकादायक वाटतं. कारल्याच्या रसाचा फॉरवर्ड आपण हसून डिलीट करतो. हा मात्र आयआयटीच्या, मोठमोठ्या जर्नलच्या खऱ्या कामावर उभा होता. त्यात एकच गोष्ट गाळलेली होती, की हे अजून उपचार नाही, संशोधन आहे. तेवढ्या एका गाळलेल्या वाक्यावर एका माणसाची तारीख पुढे गेली असती. भारतात २०२२ साली कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे पेशंट नोंदले गेल्याचा जागतिक अंदाज आहे. प्रत्येक घरात असा एखादा मोबाइल असणारच.

असा फॉरवर्ड आला, तर पाच प्रश्न

१. हे कुणावर झालंय? काचेतल्या पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? माणसांवर झालं असेल तर किती जणांवर?

२. कुठल्या कॅन्सरवर, कुठल्या स्टेजला? प्रोस्टेटचं उत्तर गालाला चालत नाही.

३. भारतात याची चाचणी सुरू आहे का? २००९ पासून आपल्याकडे औषधांच्या चाचण्या ‘सीटीआरआय’ या सरकारी रजिस्टरमध्ये नोंदवणं सक्तीचं आहे. ते कुणालाही फुकट बघता येतं. तिथे नाव नसेल तर सावध.

४. पैसे कोण मागतंय? ‘प्रायोगिक गोल्ड थेरपी’ म्हणून लाखोंचं पॅकेज विकणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. खऱ्या चाचणीत तपासल्या जाणाऱ्या औषधाचं बिल पेशंटच्या हातात ठेवत नाहीत.

५. आपल्या डॉक्टरांना विचारलं का? जरूर विचारा, व्हिडिओ दाखवा, लाजू नका. फक्त विचारून होईपर्यंत मिळालेली तारीख हलवू नका.

आणि हे वाचणाऱ्या तुमच्या-माझ्या वयाच्या मंडळींसाठी एक शेवटचं काम. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण ऑफिसखालच्या टपरीवर चहासोबत काय काय ‘ॲडजस्ट’ होतं, हे मी सांगायला नको. आज रात्री आरशासमोर उभे राहा, आ करा आणि मोबाइलचा टॉर्च आत मारा. गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर डेंटिस्टची अपॉइंटमेंट उद्याच घ्या. मामा सांगतो, त्याची जखम सुरुवातीला शेंगदाण्याएवढी होती आणि अजिबात दुखत नव्हती.